काळ्या पट्ट्या

“पंचावन्न इंची टीव्ही घेतलाय दादा, मग गेम मधल्या चौकोनातच का?” राजारामपुरीतल्या माझ्या दुकानात हा प्रश्न सतत कानावर पडतो. मामानं हे दुकान टीव्ही दुरुस्तीचं म्हणून सुरू केलं. पिक्चर ट्यूब गेल्या, पॅनल आले, पॅनलची दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा बोर्ड बदलणं झालं. मग हळूहळू माझ्याकडे वेगळंच काम यायला लागलं. लोकांचे जुने व्हिडिओ गेम, प्लेस्टेशन, कॅसेटी, डिस्क. आणि हे सगळं घरातल्या नव्या रुंद टीव्हीवर चालवून देणं. मूळ मशीन चालत असेल तर मशीनवर, नाहीतर कॉम्प्युटरवर एम्युलेटर टाकून. एम्युलेटर म्हणजे जुन्या मशीनचं वागणं नव्या मशीनवर वठवणारा प्रोग्रॅम.

काळ्या पट्ट्यांचा हिशोब सोपा आहे. जुन्या टीव्हीचं चित्र रुंदीला चार तर उंचीला तीन या प्रमाणातलं. आजचा टीव्ही सोळा-नऊ. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर चार-तीनचं चित्र पूर्ण उंचीनं बसवलं की त्याची रुंदी १४४० भरते. दोन्ही बाजूंना २४०-२४० ठिपके उरतात आणि ते काळे राहतात. म्हणजे पाव पडदा रिकामा. ज्यानं हप्त्यानं टीव्ही घेतलाय त्याला हा पाव पडदा डोळ्यात सलतो, आणि ते मला समजतं.

घरी बहुतेकांनी त्यावर आपला इलाज करून झालेला असतो. रिमोटवरचं ‘वाइड’चं बटण दाबलं की चित्र आडवं ताणलं जातं आणि प्रत्येक गोष्ट एक तृतीयांशानं रुंद होते. मारिओ बसका होतो, चेंडू अंड्यासारखा दिसतो, गाडीचं चाक लंबगोल. ‘झूम’ दाबलं तर प्रमाण सांभाळलं जातं, पण वरचा-खालचा भाग कापला जातो. गेममध्ये स्कोअर, उरलेले जीव, वेळ हे सगळं नेमकं तिथंच लिहिलेलं असतं. या दोन बटणांनी जेवढे जुने गेम बिघडवलेत तेवढे धुळीनं नसतील बिघडवले.

चार-तीनची ही चौकट गेमवाल्यांनी ठरवलेली नाही. ती सिनेमाकडून टीव्हीत आली. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सननं पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर चार छिद्रांइतक्या उंचीची चौकट धरली, तिचं प्रमाण साधारण चारास तीन. मूकपटांचा सगळा काळ त्या चौकटीत गेला. आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला तो याच आकारात. १९२९ मध्ये ‘प्रभात’ फिल्म कंपनी इथं सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली, तोवर चौकट थोडीशी बदलली होती पण घडण तीच. टीव्ही आला तेव्हा त्यानं तो आकार घेतला. पुढे सिनेमा रुंद झाला, टीव्ही मागे राहिला. १९८० च्या दशकात अमेरिकेतले अभियंते कर्न्स पॉवर्स यांनी तेव्हा चालू असलेले सगळे चित्राकार एकमेकांवर ठेवून पाहिले आणि सगळ्यांना सामावून घेईल असा मधला आकार काढला. तो सोळा-नऊ. जुन्या टीव्हीचा चार-तीन आणि रुंद सिनेमाचा २.३५ यांचा गुणोत्तरी मध्य काढला तर तो १.७७ च्या आसपास येतो, हे कुणीही करून पाहावं. म्हणजे आज आपल्या भिंतीवर जो टीव्ही लटकतोय तो तडजोडीचा आकार आहे. त्यात जुना सिनेमाही पूर्ण बसत नाही आणि जुना गेमही.

हे मी गिऱ्हाइकांना सांगतो, कारण काळी पट्टी म्हणजे बिघाड असा समज त्यानं जातो. ज्यानं चित्र रचलं त्यानं चार-तीनमध्ये रचलं. कुठला दगड कुठं, शत्रू कुठून येणार, उडी किती लांब, हे सगळं त्या चौकटीच्या हिशोबानं बसवलेलं आहे. मग रुंद करायचंच नाही का? करायचं. पण ते टीव्हीकडून करून घ्यायचं नाही, गेमकडून करून घ्यायचं. माझ्या कामाचा सगळा भाग या एका वाक्यात येतो, आणि हे वाक्य प्रत्येक गेमला लागू पडत नाही, ही त्यातली खरी अडचण.

कॅसेटवाले गेम घ्या. आमच्या लहानपणी जे मशीन घरोघरी होतं ते निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल. खोक्यावर नावं वेगवेगळी: मीडिया, लिट्ल मास्टर. आम्ही सगळ्यालाच ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो आणि आतल्या काडतुसाला ‘कॅसेट’. त्या मशीनचं चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ चा. त्यात मारिओ उजवीकडे पळतो आणि पुढची भिंत, पुढची नळी एकेक उभी पट्टी करून पडद्याच्या कडेबाहेर मांडली जाते. पुढचा सगळा रस्ता आत कुठंतरी तयार उभा आहे आणि आपण फक्त त्याची खिडकी मोठी करायची, असं तिथं नाही. शत्रूसुद्धा पडद्याची उजवी कड जवळ आली की मगच जिवंत होतो. खिडकी रुंद केली तर त्या वाढीव जागेत एक तर मागचा कचरा दिसतो, किंवा रिकाम्या जमिनीवर शत्रू अचानक उगवताना दिसतो. शिवाय खेळ सोपा होतो. कड दिसत नव्हती म्हणून जपून उडी मारायची, ती भीतीच जाते.

ब्राझीलच्या विटोर विलेला यांनी २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ रुंद करून दाखवला. तो १९९० चा गेम, पुढच्या पिढीच्या मशीनवरचा. त्यांनी मूळ प्रोग्रॅम उघडला, जमीन कुठपर्यंत मांडायची, शत्रू कुठं जागा करायचा, कॅमेरा कुठं थांबवायचा, हे सगळं एकेक ठिकाणी बदललं, आणि बीएसनेस एचडी या एम्युलेटरच्या आधारानं तो सोळा-नऊमध्ये चालवला. तो पाहिला तेव्हा मला फार आनंद झाला. पण एका गेमसाठी एवढी मेहनत लागते. म्हणून कॅसेटवाला गेम घेऊन कुणी आलं की मी स्पष्ट सांगतो: हा चार-तीनमध्येच खेळा, पट्ट्या राहू द्या. काही जण हिरमुसतात. एका कॉलेजच्या मुलानं वादच घातला, तेव्हा त्याला दोन्ही करून दाखवलं, ताणलेलंही आणि मूळचंही, आणि कंट्रोलर हातात दिला. ताणलेल्या चित्रात उडीचा अंदाज चुकतो, कारण आडवं अंतर डोळ्याला एक आणि बोटाला दुसरं लागतं. त्यानं मूळचं ठेवलं.

या कॅसेटींच्या बाबतीत एक गोष्ट अशी, जी मला काम करता करता उमगली आणि जिच्याबद्दल मी कुणाशीही तासभर बोलू शकतो. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला पन्नास चित्रं. जपान-अमेरिकेचा साठ. आपल्याकडे आलेली नकली मशीनं पन्नासवर चालायची, पण कॅसेटीतला गेम साठच्या हिशोबानं लिहिलेला. त्यामुळे सगळा खेळ एक षष्ठांशानं सावकाश चालायचा. मारिओ सावकाश, त्याचं गाणं सावकाश, वरचं घड्याळसुद्धा सावकाश. आणि पाल टीव्हीवर एका फेरीत २८८ रेघा दिसू शकतात, गेम फक्त २४० काढतो. उरलेल्या रेघा वर-खाली काळ्या. म्हणजे पट्ट्या तेव्हाही होत्या. फक्त आडव्या होत्या, आणि काही भाग टीव्हीच्या फ्रेममागे लपायचा म्हणून कुणाच्या लक्षात आल्या नाहीत. चित्रही त्यामुळे जपानपेक्षा बसकं दिसायचं.

आता असं होतं. चाळिशीतला कुणी हौसेनं येतो, मी त्याला एम्युलेटरवर मारिओ लावून देतो, आणि तो म्हणतो, “हा पळतोय फार, भावा. असा नव्हता.” त्याची आठवण बरोबर असते. एम्युलेटरमध्ये यासाठी एक वेगळी सोय असते, तिला ‘डेंडी’ म्हणतात. डेंडी हे १९९२ पासून रशियात विकलं गेलेलं असंच एक नकली मशीन, आणि त्याच्या नावानं हा पन्नासचा वेग ओळखला जातो. ती सोय लावली की गाणं पूर्वीच्या चालीवर येतं आणि माणसाचा चेहरा बदलतो. जगात कुठं काय मूळ मानलं जातं ते महत्त्वाचं आहेच, पण कोल्हापूरच्या मुलानं जो मारिओ पाहिला तो पन्नासचा होता. मी विचारून लावतो. बहुतेकजण पन्नासच मागतात.

जुन्या टीव्हीची आणखी एक गोष्ट: त्याची कड चित्राचा काही भाग खायची. गेम बनवणाऱ्यांना ते ठाऊक होतं, त्यामुळे कडेच्या आठ-दहा ठिपक्यांत काय दिसतं याची त्यांनी फिकीर केली नाही. ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ पॅनलवर लावा, उजव्या कडेला रंगांचा गोंधळ नाचताना दिसतो. लोक म्हणतात कॅसेट खराब. कॅसेट ठणठणीत आहे. ती कड आपण बघावी असं कधी ठरलंच नव्हतं. मी एम्युलेटरमध्ये तेवढी पट्टी झाकून देतो.

बंदुकीचं मात्र काही करता येत नाही. ‘डक हंट’ची बंदूक पिक्चर ट्यूबच्या प्रकाशाच्या वेळेवर चालते, ट्रिगर दाबल्यावर पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. पॅनलवर तो उजेड उशिरा येतो, म्हणून नेम लागत नाही. बंदूक घेऊन येणाऱ्याला मी जुना ट्यूबचा टीव्ही शोधायला सांगतो. अजून मिळतात.

आता प्लेस्टेशन. इथं गोष्ट बदलते, कारण पहिल्या प्लेस्टेशनपासून, म्हणजे १९९४ पासून, घरगुती गेम मोठ्या प्रमाणात त्रिमितीय झाले. त्रिमितीय गेममध्ये रस्ता, इमारत, माणूस हे सगळं आकड्यांत असतं, आणि मशीन दर क्षणाला एका काल्पनिक कॅमेऱ्यातून त्याचं चित्र काढतं. त्या कॅमेऱ्याच्या भिंगाचा कोन रुंद केला तर बाजूचा रस्ता खरोखर दिसायला लागतो. ताणलेला नाही, तिथं असलेला, पण आजवर चौकटीबाहेर राहिलेला.

हे कसं करतात ते सिनेमातून चांगलं समजतं. १९५३ मध्ये ‘द रोब’ या चित्रपटानं सिनेमास्कोप आणलं. त्यात फ्रेंच प्राध्यापक आंरी क्रेतिएं यांच्या भिंगानं रुंद दृश्य आडवं आवळून साध्याच फिल्मवर घ्यायचं आणि थिएटरात तशाच उलट्या भिंगानं परत पसरायचं. १९५९ चा ‘कागज के फूल’ आपल्याकडे असा पहिला. प्लेस्टेशन टूवर आम्ही तेच करतो, भिंगाऐवजी आकड्यानं. मशीनची चित्राची जागा साधारण ६४० बाय ४४८, ती वाढत नाही. कॅमेऱ्याला सांगायचं की आडवी बाजू पाऊणपट आवळ. चार-तीनला सोळा-नऊनं भागलं की नेमका पाऊण येतो. आवळल्यामुळे त्याच जागेत बाजूचं जास्त दृश्य मावतं. मग पडद्यावर ते सोळा-नऊमध्ये पसरायचं. माणूस पुन्हा माणसाच्या मापाचा होतो आणि डावी-उजवीकडचं जग उघडतं.

काही गेममध्ये ही सोय मुळातच असते. २००५ चा ‘गॉड ऑफ वॉर’ आणि ‘ग्रॅन टुरिझ्मो ४’ यांच्या मेनूत वाइडस्क्रीन आहे. कुणी मला पैसे देण्याआधी मी तो मेनू उघडून दाखवतो. पहिल्या प्लेस्टेशनसाठी डकस्टेशन नावाच्या एम्युलेटरमध्ये एक खूण केली की तो मशीनच्या भूमितीच्या चिपमध्येच आडवे आकडे आवळतो. बऱ्याच गेमना तेवढं पुरतं. ‘रेसिडेंट ईव्हिल’ किंवा ‘फायनल फँटसी सेव्हन’सारख्यांना नाही, कारण त्यांची पार्श्वभूमी आधीच काढलेली चार-तीनची चित्रं आहेत. माणूस आवळला जातो, खोली आवळली जात नाही, आणि पाय जमिनीवरून सरकतात. ते गेम तसेच ठेवावेत.

प्लेस्टेशन टूचं काम खरं बारकाईचं. पीसीएसएक्स टू या एम्युलेटरला गाजलेल्या गेमांचे तयार तुकडे मिळतात, म्हणजे गेममधले आकडे बदलून देणारे पॅच. पण तो तुकडा गेमच्या नेमक्या आवृत्तीचाच लागतो. अमेरिकी डिस्क आणि आपल्याकडे विकली गेलेली पाल डिस्क यांत तोच आकडा वेगळ्या पत्त्यावर असतो. लोक अमेरिकी तुकडा लावतात, काही होत नाही, किंवा गेम अडकतो, आणि मग डिस्क पिशवीत घालून दुकानात येतात.

तयार नसेल तर शोधावं लागतं. मशीनच्या आत १ हा अंक ३एफ८००००० असा लिहिलेला असतो, पाऊण ३एफ४००००० असा, आणि एक पूर्णांक एक तृतीयांश ३एफएएएएएबी असा. गेम एखाद्या मोकळ्या जागी थांबवायचा, एम्युलेटरच्या तपासणीच्या खिडकीतून मेमरीत हे आकडे धुंडाळायचे, एकेक बदलायचा आणि पडद्याकडे बघायचं. आकडे शेकड्यांनी सापडतात. एक बदलला की सावल्या वाकड्या होतात, दुसरा बदलला की आवाज चिरकतो, तिसऱ्यानं काहीच होत नाही. कधी चित्र बदलतं, पण बाजू उघडण्याऐवजी डोकं आणि पाय कापले जातात. तो आकडा उंचीचा असतो, सोडून द्यायचा. आणि मग एकदम रस्ता दोन्ही बाजूंनी उघडतो. कारखान्याची भिंत संपून पलीकडचं झाड दिसतं. ज्यानं तो गेम शाळेत असताना तासावर पैसे भरून पार्लरमध्ये खेळलाय त्याला त्या झाडाचं काय वाटतं, ते मी शब्दांत सांगत नाही.

काम तिथं संपत नाही. जुन्या मशीनकडे ताकद मोजकी, म्हणून गेम चौकटीबाहेरचं काहीच काढत नाही. आपण चौकट रुंद केली की कडेला इमारती गायब होतात, वळलं की परत येतात. कथेच्या प्रसंगांत तर बाजूला उभी पात्रं दिसतात, हात पसरून, डोळे न लववता, आपली पाळी येईपर्यंत थांबलेली. केशवराव भोसले नाट्यगृहात पहिल्या रांगेच्या अगदी टोकाच्या खुर्चीवरून विंगेतला नट दिसायचा तसं. त्यासाठी दुसरा आकडा शोधावा लागतो, ‘इथवरचंच काढ’ असं सांगणारा. तो सैल केला की मशीनवर भार वाढतो, म्हणून एम्युलेटरमध्ये जुन्या प्रोसेसरचा वेग थोडा वाढवून द्यायचा. वरचा स्कोअर आणि नकाशा सपाट असतात, ते आवळले गेलेले नसतात, म्हणून पसरल्यावर लठ्ठ दिसतात. नकाशाचं वर्तुळ लांबट होतं. काही गेममध्ये तेही सुधारता येतं, काहींत नाही. आणि गेममधल्या व्हिडिओ-फिती चार-तीनच्याच, त्या तशाच दाखव अशी वेगळी खूण करतो.

उद्यमनगरात लेथचं काम करणारे एक काका मुलाचा प्लेस्टेशन टू घेऊन आले होते. मुलगा बाहेरगावी नोकरीला, दिवाळीला येणार, त्याच्यासाठी सगळं बसवून ठेवायचं होतं. मी गाडीच्या शर्यतीचा गेम रुंद करून दाखवला. काकांनी चष्मा पुसला, खिशातून व्हर्निअर कॅलिपर काढला आणि पडद्यावरच्या उभ्या गाडीचं चाक मोजलं. आडवं एकदा, उभं एकदा. दोन्हींत फरक निघाला. म्हणाले, “चाक गोल न्हाई बाळा. ह्यानं गाडी पळायची न्हाई.” माझ्या डोळ्याला ते गोलच दिसत होतं. तुकडा बनवणाऱ्यानं पाऊणऐवजी जवळपासचा आकडा घातला होता. तो दुरुस्त केला, काकांनी पुन्हा मोजलं आणि “आता बसलं बघ मापात” म्हणून कॅलिपर खिशात ठेवला. त्या दिवसापासून मी प्रत्येक गेममध्ये कॅमेऱ्यासमोर सरळ उभं असलेलं एखादं वर्तुळ शोधतो, चाक, चेंडू, घड्याळाची तबकडी, आणि पट्टी लावून मोजतो. चांगली पद्धत आहे. हे काम करणाऱ्या प्रत्येकानं वापरावी.

भारतात बनलेले प्लेस्टेशन टूचे गेम फार थोडे आहेत, आणि त्यांची मला वेगळी काळजी वाटते. २००९ चा ‘हनुमान: बॉय वॉरिअर’ हैदराबादच्या ऑरोनाचा. ‘देसी अड्डा’ त्याच वर्षीचा, त्यात कबड्डी आहे, पतंग आहे. मुंबईच्या ट्राइन गेम्सनं ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ काढला, गल्लीतलं क्रिकेट. २०१३ चा ‘डॉन २’ तर त्या मशीनसाठी आलेल्या अगदी शेवटच्या गेमांपैकी. अमेरिकेत-युरोपात गाजलेल्या गेमांवर रात्र-रात्र काम करणारी माणसं आहेत. आपल्या या गेमांकडे बघायला आपल्याशिवाय कोण येणार? यातल्या एका गेमसाठी मी तयार तुकडा शोधला, मिळाला नाही, म्हणून स्वतः बसलो. दुकानाचं शटर अर्धं ओढून, जेवण झाल्यावर, बरेच दिवस. कॅमेऱ्याचा आकडा सापडला, कडेचा अजून पूर्ण बसलेला नाही. त्या गेमला जगानं फार मान दिला नसेल. पण प्लेस्टेशनच्या पडद्यावर आपली गल्ली, आपला खेळ पहिल्यांदा दिसला तो त्यात, आणि माझ्या दृष्टीनं तेवढं कारण पुष्कळ आहे.

स्वस्तातल्या कन्व्हर्टरबद्दल थोडं बोलायला हवं, कारण मूळ मशीन वापरणाऱ्यांचं निम्मं नुकसान तिथं होतं. तीन रंगांच्या पिनांचं जुनं चित्र एचडीएमआयमध्ये बदलणारी छोटी डबी बाजारात कुठंही मिळते. त्यातल्या बऱ्याच डब्या चित्र स्वतःच सोळा-नऊमध्ये ताणून पुढं पाठवतात, म्हणजे टीव्हीवर काहीही बदललं तरी मारिओ बसकाच. दुसरं, जुना गेम दर फेरीला पूर्ण चित्र देतो, ही डबी त्याला अर्धं समजते आणि दोन चित्रं एकत्र कालवते. मार लागल्यावर मारिओ लुकलुकतो, म्हणजे एका चित्रात असतो आणि पुढच्यात नसतो. कालवाकालवीत तो कधी पूर्ण गायब होतो, कधी लुकलुकायचाच थांबतो. घ्यायची असेल तर चार-तीन जसंच्या तसं देणारी घ्या, आणि टीव्हीवर ‘गेम मोड’ लावा, नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते.

कायद्याचंही विचारतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, कायदेशीररीत्या घेतलेल्या प्रोग्रॅमची स्वतःच्या बिगरव्यापारी वापरासाठी प्रत करायला मुभा आहे. माझा नियम त्यावरून: डिस्क तुमची, मशीन तुमचं, त्यावरूनच प्रत. मी गेम विकत नाही आणि देतही नाही. बसवून देण्याच्या कामाचे पैसे घेतो. हार्ड डिस्कभर गेम भरून मागणाऱ्याला हात जोडतो.

२०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात पाणी आमच्या दुकानापर्यंत आलं नाही, पण शाहूपुरीतून, कुंभार गल्लीतून, पार शिरोळ तालुक्यातून चिखलानं भरलेली मशीनं आली. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतले, वाळवले. काही उठले, बरेच उठले नाहीत. डिस्क मात्र धुऊन पुसून चालल्या. आठ एमबीच्या मेमरी कार्डांतून लोकांचे जुने, वर्षानुवर्षं साठवलेले खेळ निघाले. त्यातले काही ज्यानं खेळले तो माणूस आता नव्हता, आणि घरच्यांनी ती नोंद फक्त उघडून बघायला मागितली. मशीन मेलेलं असताना ती उघडता आली ती एम्युलेटरमुळे. तोवर मी एम्युलेटरला मूळ मशीनच्या खालचा दर्जा द्यायचो. आता देत नाही.

म्हणून वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, गावाकडच्या कपाटात जुनी कॅसेट असेल तर ती भंगारात घालू नका. ‘९९९९ इन वन’ लिहिलेल्या कॅसेटीत खरे गेम मोजकेच असतात, तेच नावं बदलून फिरवलेले, हे खरं. पण तो मेनू, ते बदललेले गेम, आपल्याकडच्या खोक्यांबरोबर आलेले ते विचित्र संच ही आपल्या बालपणाची कागदपत्रं आहेत, आणि त्यांची नोंद ठेवायला निन्टेन्डो येणार नाही. आतली चिप काळ्या लाखेच्या गोळ्याखाली असते, पण साठ पिनांच्या कडेवरून ती वाचून घेता येते, कॅसेटीला धक्का न लावता. भारतात बनलेली प्लेस्टेशनची डिस्क असेल तर ती ओरखडा पडायच्या आत वाचून ठेवा. कोल्हापुरात असाल तर राजारामपुरीत या. दुसरीकडे असाल तर तुमच्या गावातल्या जुन्या टीव्ही मेकॅनिकला विचारा, त्याला हे काम शिकायला आवडेल. मशीन बंद असलं तरी चालेल. डिस्क, कॅसेट आणि मेमरी कार्ड तेवढं आणा.